झाडपाल्याचे औषध जनावराला देण्यापूर्वी

सिन्नरच्या गोठ्यातून, पंचवटीतल्या फ्लॅटमधून आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणारे प्रश्न वेगवेगळे असतात. "गाईच्या कासेला सूज आली आहे, कोरफड लावू का?" "कुत्र्याच्या प्लेटलेट्स कमी झाल्यात, पपईच्या पानांचा रस देऊ का?" "मांजरीच्या अंगावर पिसवा आहेत, खोबरेल तेलात कापूर घालून चोळला तर चालेल ना?" पण शेवटचे वाक्य बहुतेकांचे एकच असते: "झाडपाल्याचंच आहे, अपाय तर होणार नाही."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो, काही अटींवर' असे आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत सांगायचे तर, रसाने फार काही बिघडणार नाही, पण त्या रसाच्या भरवशावर घालवलेले दोन दिवस कुत्र्याच्या जिवावर बेततील. तिसऱ्याचे उत्तर स्पष्ट 'नाही'. झाडपाला तिन्हीकडे आहे, तरी निर्णय तीन तऱ्हेचे. असा निर्णय तुम्हाला स्वतः घेता यावा, यासाठी हा लेख आहे. घरगुती उपचार मोडीत काढावेत असे आम्हाला अजिबात वाटत नाही. त्यांतले काही फार चांगले आहेत, आणि दुधात उतरणाऱ्या प्रतिजैविकांचा वापर त्यांच्यामुळे कमी होऊ शकतो. पण ते औषध आहे, आणि औषधासारखेच वापरायला हवे.

आधी चार प्रश्न विचारा

- वनस्पती नेमकी कोणती आणि तिचा कोणता भाग? पान, साल, मूळ आणि बी यांचे गुण एकसारखे नसतात.
- कोणत्या जनावराला? गाय, शेळी, कुत्रा आणि मांजर यांची शरीरे एकच पदार्थ वेगवेगळ्या रीतीने पचवतात.
- वरून लावायचे की पोटात द्यायचे?
- हे कशाच्या ऐवजी देत आहात? लस, सलाईन किंवा प्रतिजैविक लांबणीवर पडत असेल, तर निरुपद्रवी काढासुद्धा धोक्याचा ठरतो.

पाला कुठून आणला, हेही नाशिककरांनी पाहायला हवे. द्राक्षबागेच्या बांधावरचा कडुनिंब औषधी असला, तरी त्याच्या पानांवर बागेतली फवारणी उडालेली असते. बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असते आणि मेंढ्यांना तांबे अजिबात सोसत नाही. ते यकृतात साठत जाते आणि मेंढी एकाएकी कावीळ होऊन दगावते. तेव्हा फवारणीच्या हंगामात बागेजवळचा पाला औषधालाही नको आणि चाऱ्यालाही नको.

जनावर बदलले की हिशेब बदलतो

सर्वाधिक गफलत इथेच होते. घरात गाय आणि कुत्रा दोन्ही असले, की गाईसाठी केलेल्या काढ्यातला थोडा कुत्र्यालाही पाजला जातो. गाईच्या बऱ्याच काढ्यांत लसूण असतो. गाईला त्या प्रमाणात तो चालतो. कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी मात्र कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी फुटतात. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू लागतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम पुरतो. कुत्र्यांत हे प्रमाण किलोमागे 15 ते 30 ग्रॅम आहे. कांदा शिजवला, वाळवला किंवा त्याची पूड केली, तरी विष जात नाही. "जंतांवर लसूण" हा सल्ला म्हणूनच कुत्र्या-मांजरांसाठी विसरून जा.

भाव पडले की लासलगाव, निफाड, येवल्याच्या बाजूला चाळीतला खराब कांदा जनावरांपुढे पडतो. कांद्याच्या बाबतीत गाई-म्हशी शेळ्या-मेंढ्यांपेक्षा नाजूक असतात. एकूण कोरड्या खाद्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा कांदा जास्त झाला तर धोका वाढतो. लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची दिसली, तर कांदा बंद करा आणि डॉक्टरांना कांद्याविषयी न विचारता सांगा. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होते, त्यामुळे ही माहिती मिळाली नाही तर उपचार चुकीच्या दिशेने जाऊ शकतो.

द्राक्षे आणि मनुके कुत्र्यासाठी विषारी आहेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे. किती खाल्ले तर चालते, याचा भरवशाचा आकडा नाही. म्हणून एकही नको. बद्धकोष्ठावर भिजवलेले मनुके हा माणसांचा उपाय कुत्र्यावर करू नका. बागेत राखणीला कुत्रा असेल, तर गळलेले घड त्याच्या तोंडाशी येणार नाहीत असे बघा.

मांजराची गोष्ट आणखी वेगळी. अनेक पदार्थ निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची जी सोय इतर प्राण्यांच्या यकृतात असते, ती मांजरात फार तोकडी आहे. शिवाय मांजर अंग चाटते, त्यामुळे वरून लावलेले सगळे पोटात जाते. कापूर, निलगिरी, लवंग, टी ट्री, पुदिना यांची तेले मांजराच्या जवळही आणू नका. कडुनिंबाचे तेल लावल्यावर झटके आलेली, लाळ गाळणारी मांजरे डॉक्टरांकडे येतात. आमचे मत विचाराल, तर मांजरासाठी पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय कोणताही झाडपाला नको. आणि काढ्यासोबत माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नको. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते.

पाजताना होणारा घात

गोठ्यात काढ्यापेक्षा तो पाजण्याच्या पद्धतीने जास्त नुकसान होते. मान वर ओढून, जीभ बाहेर खेचून, बांबूच्या नळीने किंवा बाटलीने भराभर ओतलेले औषध श्वासनलिकेत जाते. दोन-तीन दिवसांनी जनावराला धाप लागते, नाकातून घाण वास येतो आणि मग इंजेक्शनांनीही फार फरक पडत नाही. तेलाच्या बाबतीत हे सर्वांत वाईट, कारण तेल फुप्फुसात गेल्यावर खोकून बाहेर येत नाही. पोटफुगीत गोडे तेल पाजण्याचा उपाय चुकीचा नाही, पण तो घाईत आणि घाबरून केला जातो.

पाजावेच लागले तर:

- जनावर उभे असू द्या. आडवे पडलेल्या किंवा गुंगीत असलेल्या जनावराला काहीही पाजू नका.
- तोंड पाठीच्या रेषेपेक्षा वर नेऊ नका. जीभ धरू नका. जीभ धरली की गिळता येत नाही.
- ओठांच्या कोपऱ्यातून घोट-घोट द्या. ठसका लागताच मान सोडा.
- शक्य असेल तिथे काढा न पाजता गुळात किंवा भाकरीत गोळी करून चारा.

गाय लाळ गाळते आहे आणि तिला गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर गाईला रेबीज झाला, तर नेमकी हीच लक्षणे दिसतात आणि ती लाळ तुमच्या हातावरच्या ओरखड्याला पुरेशी आहे.

कासेची सूज: हे घरी करता येते

ज्या उपायांची रीतसर मांडणी झाली आहे, ते वापरायला हरकत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तमिळनाडूतील पशुवैद्यक प्राध्यापक एन. पुण्यमूर्ती यांनी संकलित केलेले पारंपरिक उपचार देशभरच्या दूध संघांपर्यंत नेले. आपल्याकडे पुण्याच्या अँथ्रा संस्थेनेही पशुपालकांचे आणि वैदूंचे उपचार नोंदवून त्यांची पडताळणी केली. मंडळाच्या पत्रकांतला कासदाहाचा, म्हणजे आपल्याकडच्या 'दगडी'चा, लेप असा आहे:

- कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खाण्याचा चुना 15 ग्रॅम एकत्र वाटावे. लालसर लगदा होतो.
- चारही सडांतले दूध पूर्ण काढून कास धुवावी व कोरडी करावी.
- मूठभर लगदा थोड्या पाण्यात पातळ करून पूर्ण कासेला लावावा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. रोज ताजे वाटावे.
- सोबत लिंबू कापून खायला द्यावे.

दिवसातून दहा वेळा हे वाचून बरेच जण दोन वेळांवर येतात आणि मग "उपाय लागू पडला नाही" म्हणतात. तेवढे जमणार नसेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना बोलवा. दूध पाण्यासारखे किंवा रक्ताळलेले येत असेल, कास थंड किंवा निळसर लागत असेल, गाईला ताप असेल किंवा तिने रवंथ सोडला असेल, तर लेपावर थांबू नका. अशा कासदाहात काही तासांत सड जातो, कधी गायही जाते. लेप आणि डॉक्टरांचा उपचार बरोबर चालू शकतात, फक्त लेप लावत असल्याचे त्यांना सांगा. आजारी सडाचे दूध लेपाच्या काळातही डेअरीला घालू नका.

गोचीड, उवा, पिसवा

निंबोळी, करंज, वेखंड यांचे पातळ द्रावण गाई-म्हशींवर फवारणे बऱ्यापैकी सुरक्षित आहे. डोळे, सड आणि जखमा टाळा. जनावराला ते चाटता येऊ नये आणि वासरू पिण्याआधी कास धुतलेली असावी. गोठ्याच्या भिंतींच्या फटी तशाच राहिल्या, तर अंगावरचे गोचीड मारून काही उपयोग नाही. ते अंडी फटींतच घालतात.

यातले काही प्रकार मात्र बंदच करा. तंबाखूचे पाणी कातडीतून शोषले जाते आणि निकोटिनने लहान वासरू किंवा कुत्रा थरथरत कोसळतो. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर गुणकारी असली, तरी डोळ्यात गेली तर बुबुळाला जबर इजा होते. कुत्र्याच्या खरजेवर जळके ऑइल किंवा रॉकेल लावणे हा तर उपचारच नव्हे.

कुत्र्याला गोचिडांचा ताप आला असेल, तर रक्ततपासणी आणि प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स हाच इलाज. पपईचा रस त्याची जागा घेऊ शकत नाही.

बांधावरची विषारी झाडे

- घाणेरी: चारा कमी पडला की शेळ्या-गाई खातात. कावीळ होते, उन्हात पांढरी कातडी भाजल्यासारखी सुटते.
- कण्हेर: मूठभर पानांनीही गाईचे हृदय बंद पडू शकते. छाटलेल्या फांद्या वाळल्या तरी विषारीच राहतात.
- धोतरा, गुंज, कळलावी, एरंडाच्या बिया: कोणीही कितीही खात्रीने सांगितले तरी पोटात देऊ नका.
- बिब्बा आणि शेराचा चीक: कातडीला फोड येतात, डोळ्यात गेल्यास अंधत्वाचा धोका असतो.

त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यातल्या जाणत्या वैदूंना यातली बरीच झाडे शुद्ध करून, मोजून वापरण्याची रीत माहीत असते. त्या ज्ञानाचा आम्हाला आदर आहे. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत ती रीत आणि ते मोजमाप गाळलेले असते. वैदूकडून औषध घेत असाल, तर वनस्पतीचे नाव विचारा आणि तिची एक डहाळी जपून ठेवा. "नाव सांगितले की गुण जातो" असे म्हणणाऱ्याचे औषध घेऊ नका.

गाभण आणि लहान जनावरे

वार पडावी म्हणून व्यायल्यावर बांबूचा पाला देतात. गर्भाशय आकुंचन पावावे, यासाठीच तो दिला जातो. मग तोच गाभण गाईला दिला तर काय होईल, याचा विचार करा. गाभण जनावराला आणि दूधपित्या वासरा-करडांना पोटातून कोणतेही नवे औषध विचारल्याशिवाय देऊ नये. वार 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. लोंबत्या वारेला वजन बांधून ओढू नका.

इथे झाडपाला थांबवा

- घटसर्प, फऱ्या: काही तासांत जीव जातो. पावसाळ्यापूर्वीची लस हाच उपाय.
- फाशी: जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून काळे रक्त आले, तर ते उघडू नका, सोलू नका; आधी कळवा.
- लाळ्या-खुरकूत, लम्पी: तुरटीच्या पाण्याने तोंड धुणे, जखमांना हळद-कडुनिंबाचा लेप हे पूरक म्हणून चालते. पण आजारी जनावर वेगळे बांधणे आणि कळवणे आधी.
- रेबीज: कोणताही काढा, मंत्र किंवा धोतरा कामाचा नाही. चावा पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा, मिरची-चुना भरू नका, आणि जनावराला व माणसाला दंशानंतरच्या लसींची पूर्ण मालिका द्या.
- पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या: पार्व्हो असू शकतो. सलाईन लागते, हळद-दही नव्हे.

सांसर्गिक रोग कळवणे ऐच्छिक नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2009 नुसार अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला, तर तो कळवणे मालकाचे कर्तव्य आहे.

तयार बाटली घेताना

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम 1940 मधली आयुर्वेदिक औषधाची व्याख्या माणसांइतकीच जनावरांनाही लागू होते. त्यामुळे जनावरांच्या आयुर्वेदिक औषधालाही परवाना लागतो. बाटलीवर हे पाहा:

- उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख
- घटकांची पूर्ण यादी. "गुप्त जडीबुटी" असे लिहिले असेल तर बाटली परत ठेवा.
- धोतरा, बिब्बा, गुंज, कण्हेर यांसारखे अनुसूचीतले विषारी घटक असतील, तर वैद्यकीय देखरेखीची सूचना
- कोणत्या जनावरासाठी आणि वजनानुसार किती मात्रा

बऱ्याच डब्यांवर 'पशुखाद्य पूरक' असे छापलेले असते. ते औषध नव्हे. त्याने कासदाह किंवा वांझपण बरे होते असे विक्रेता म्हणत असेल, तर ते लिहून मागा. पक्के बिल घ्या. बिलाशिवाय पुढे तक्रार टिकत नाही.

सांधेदुखीवरचे एखादे 'हर्बल' इंजेक्शन आठवडी बाजारात मिळत असेल तर अजिबात टोचू नका. त्यात वेदनाशामक मिसळलेले असू शकते. वेदनाशामकांतले डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून, आणि केटोप्रोफेन व ॲसेक्लोफिनॅक 2023 पासून बंद आहेत, कारण अशी औषधे दिलेले मृत जनावर खाऊन गिधाडे मरतात. अंजनेरीच्या कड्यांवर अजून गिधाडे आहेत. डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅम मागा; ते गिधाडांना अपायकारक नाही.

उपचार कोणी करावा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार जनावरांवर उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविकाधारक पर्यवेक्षक त्यांच्या देखरेखीखाली ठरावीक किरकोळ सेवा देऊ शकतात. माणसांचे आयुर्वेद वैद्य कितीही निष्णात असले, तरी त्यांचे शिक्षण जनावरांच्या मात्रेचे नसते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही अपमान नाही. जाणूनबुजून, विनाकारण अपायकारक पदार्थ जनावराला देणे प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम 1960 खाली गुन्हा आहे, आणि तो मालकालाही लागू होतो.

बाधा झालीच तर

- औषध तत्काळ थांबवा. वरून लावले असेल, तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. पुसून कोरडे करा, चाटू देऊ नका.
- उलटी करवू नका. मिठाचे पाणी, तूप, तेल, दूध पाजू नका. तुपा-तेलाने काही विषे उलट लवकर शोषली जातात.
- बाटली, उरलेला काढा, पाल्याची डहाळी आणि उलटी किंवा शेणाचा नमुना जपून ठेवा.
- जनावर दगावले, तर शासकीय पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. प्रयोगशाळेत नमुने गेले, तरच विषाचे नाव कळते. विमा असेल, तर कानातला बिल्ला काढू नका आणि कंपनीला लगेच कळवा. दाव्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आजारपणात एकदाही डॉक्टर बोलावल्याची नोंद नसेल, तर अडचण येते.

जनावरांच्या सेवेसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे; गावात दवाखाना दूर असेल तर फिरत्या पथकासाठी तिथेच फोन करा. सदोष किंवा बनावट औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे 1800-222-365 वर आणि ग्राहक म्हणून 1915 वर करता येते. फोन करण्यापूर्वी हे हाताशी ठेवा: जनावराची जात, वय, अंदाजे वजन, गाभण आहे का; काय दिले, किती, कोणत्या मार्गाने आणि किती वाजता; पहिले लक्षण कधी दिसले. "झाडपाल्याचं काही दिलं नाही" असे संकोचाने सांगू नका. डॉक्टर रागावतील ही भीती असते, पण विषावरचा उतारा त्या एका माहितीवरच ठरतो.